नमद्याच्या चकत्या

अक्का गेल्याचा निरोप शाळेत आला. मी धुळ्याला देवपूरच्या एका शाळेत शास्त्र शिकवतो. नववीचा दुसरा तास चालू होता, शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि हेडमास्तरांच्या खोलीत फोन आहे म्हणाला. पलीकडे मीना होती, अक्काची मुलगी, भुसावळला दिलेली. "मामा, आई गेली," म्हणाली आणि मग तारेतल्या घरघरीतून बाकीचं सांगितलं. काल दुपारी केळीला पाणी चालू होतं, अक्का बांधावर टेकली, गडी हाक मारायला गेला तर तशीच बसलेली. छातीत भरून येतं, डावा हात जड होतो, असं ती शेजारणीला दोन महिन्यांपूर्वी बोलली होती म्हणे. मीनाला नाही, मला नाही. मी फोन ठेवला आणि मला रडू आलं नाही. राग आला. आज सहा आठवडे होऊन गेले तरी तो पुरता उतरलेला नाही, आणि त्यातला तिच्यावरचा किती आणि माझा माझ्यावरचा किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ते सांगता यावं म्हणूनच हे लिहायला घेतलं.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमचं गाव वरणगावच्या अलीकडचं. सातवी झाल्यावर तिची शाळा सुटली आणि लग्न होऊन ती यावलकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी गेली. जिजाजींची केळीची बागायत. डोंगर इतका जवळ की संध्याकाळी त्याची सावली बागेवर येते आणि तिच्याबरोबर डुकरंही येतात. रानडुक्कर केळीचं पान खात नाही, ते बुडाशी उकरतं. कंद खायला. सकाळी जाऊन पाहावं तर सरीच्या सरी आडव्या. म्हणून जिजाजींच्या वडिलांच्या काळापासून घरात पीकसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. ती डुकरं मारायला नव्हे, पळवायला. दिवेलागणीला एक आणि पहाटे एक असा खणखणीत बार वाजला की आठ-दहा दिवस कळप फिरकत नसे.

पण बार वाजायला काडतूस लागतं आणि काडतुसात काय असतं हे बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून थोडक्यात सांगतो. एक पुंगळी असते. तिच्या बुडाला टोपी, आत दारू, दारूवर जाड पुठ्ठ्याची चकती आणि तिच्यावर मऊ बूच, मग छर्रे, आणि तोंडाशी पुन्हा पातळ चकती. मधल्या या चकतीला आणि बुचाला इंग्रजीत वॅड म्हणतात. दिसायला क्षुल्लक वस्तू, पण ती पुंगळीत घट्ट बसली नाही तर दारूचा सगळा जोर बाजूने निसटतो, छर्रे पुढे चार पावलांवर सांडतात आणि बार फुस्स होतो. तयार काडतुसं नेहमी घेणं परवडण्यासारखं नव्हतं. घरात पितळेच्या बारा जुन्या पुंगळ्या होत्या, त्या पुन्हापुन्हा भरता येत. जळगावच्या दुकानात परवाना दाखवला की टोप्या, दारू, छर्रे मिळायचे. चकत्या मात्र कधीच नसायच्या. दुकानदार म्हणायचा, "पुढच्या मालात येतील." तो पुढचा माल मी तरी कधी पाहिला नाही.

चौऱ्याऐंशी साली जिजाजींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. तोवर बंदूक भरणं, चालवणं, तिची निगा, सगळं त्यांच्या हाती होतं. त्या हंगामात बंदूक खुंटीला राहिली आणि डुकरांनी अर्धी बाग उलथून टाकली. अक्का मला म्हणाली, "परवाना माह्या नावावर करून दे." मी हसलो. ती हसली नाही. मग पुढचं जवळजवळ वर्षभर मी दर दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की धुळ्याहून एसटीने निघायचो आणि सोमवारी रजा टाकून तिच्याबरोबर एका कचेरीच्या बाकावर बसायचो. कधी साहेब दौऱ्यावर, कधी अर्जाला जोडलेला दाखला जुना झालेला, कधी कारकून म्हणायचा की बाईमाणसाच्या नावाचा असा अर्ज त्याने पाहिलेलाच नाही, तेव्हा तो कोणत्या फायलीत लावायचा हे विचारावं लागेल. अक्का पदर सावरून ताठ बसायची. मी चिडायचो आणि चिडून काही होत नाही म्हणून अजून चिडायचो. शेवटी एकदा साहेब भेटले. भला माणूस वाटला. चष्म्यावरून तिच्याकडे पाहत म्हणाला, "बाई, तुम्ही स्वतः चालवणार? एखादा गडी ठेवा की."

अक्का म्हणाली, "साहेब, गडी सहा वाजता घरी जाते. डुक्कर साडेसहाले येते."

परवाना मिळाला. त्याचं पाकीट घेऊन आम्ही कचेरीबाहेर आलो तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण खरी कटकट तिथून पुढे सुरू झाली.

जिजाजींनी कधीकाळी साठवलेल्या चकत्या संपलेल्या होत्या. अक्काने वर्तमानपत्राचे बोळे करून ठासले. मी त्या दिवशी तिथेच होतो. दिवेलागणीची वेळ, आम्ही दोघं विहिरीच्या दगडी थारोळ्याआड उभे. समोर वीस-पंचवीस पावलांवर एक डुक्कर केळीच्या बुडाशी नाक खुपसून चाललेलं. अक्काने खांद्याला बंदूक लावली, जमिनीच्या रोखाने धरली आणि घोडा दाबला. फुस्स... पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज झाला. छर्रे आमच्यासमोरच्या गवतात पडले, ते पडल्याचंही ऐकू आलं. डुकराने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि परत खायला लागलं. अक्काने बंदूक खाली केली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच म्हणाली, "वसंता, तू शास्त्र शिकवतो ना? याचं काही कर."

मी केलं, आणि त्याचं पुढे वर्षभर हसं झालं. शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर घेऊन मी गेलो आणि बंदुकीच्या नळीच्या तोंडाचं माप घेतलं, दशांशाच्या दोन घरांपर्यंत. धुळ्याला रघुनाथ मिस्तरी म्हणून एक लेथवाले होते. त्यांच्याकडून त्या मापाचा पोलादी पंच करून घेतला, म्हणजे एका बाजूने धार लावलेली नळी, पुठ्ठ्यावर ठेवून वर घाव घातला की गोल चकती निघेल अशी. अक्काने लग्नपत्रिकांच्या आणि बुटांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून सकाळभर चकत्या पाडल्या. पुंगळीत टाकल्या तर खुळखुळ वाजल्या. नळी तोंडाशी किंचित आवळलेली असते आणि पितळी पुंगळी भिंतीला पातळ, म्हणून आतून जास्त रुंद असते, हे मला ठाऊक नव्हतं. मी मापलं होतं ते बरोबर, पण मापायची वस्तूच चुकली होती. अक्का म्हणाली, "आता माप मी धाडते." तिने कच्चं केळं घेतलं, त्यावर पुंगळीचं तोंड दाबलं, आत गेलेला गोल तुकडा काढला, त्याला दोरा बांधला आणि गावच्या एका माणसाबरोबर एसटीने धुळ्याला पाठवला. तो माणूस आधी चोपड्याला दोन दिवस राहिला. माझ्याकडे पोचेपर्यंत तुकडा काळा पडून आक्रसलेला. मी तसाच मिस्तरींना दिला. दुसरा पंच पहिल्यापेक्षाही लहान झाला.

त्यावर आम्ही चिठ्ठ्यांतून भांडलो. तिने लिहिलं, केळं सुकतं हे शास्त्राच्या मास्तराला कळू नये का. मी लिहिलं, केळं पाठवायचं हे बागाइतीणीला सुचावं कसं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा रघुनाथ मिस्तरींनी हातातली कानस बाजूला ठेवली आणि माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं.

"सर," ते म्हणाले, "पुंगळीच लई या ना. इतलं काय मोजतस?"

पुंगळीच घेऊन या म्हणणं सोपं होतं, पण ती सोबत घेऊन एसटीत बसायची मला भीती वाटत होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. रिकामी पितळी नळी, परवाना बहिणीच्या नावावर, तरी मला वाटायचं कुणीतरी झडती घेईल आणि शाळेत कळेल. शेवटी अक्का स्वतः आली. कमरेच्या पिशवीत पुंगळी, हातात परवाना. मिस्तरींनी पुंगळी तिच्याच समोर लेथवर पंचाशी जुळवली, अर्ध्या तासात काम झालं. पंच तिच्या हातात देत म्हणाले, "पोलाद शे बठ्ठं, ताई. बोथट व्हत नही." सगळं पोलाद आहे, बोथट होणार नाही, हा शब्द त्या पंचाने पाळला.

आता पुठ्ठ्याच्या चकत्या घट्ट बसायला लागल्या, पण मधलं बूच उरलंच होतं. अक्काने चपलेच्या रबराचे गोल कापले, ते तापून नळीला चिकटले. बाटलीच्या बुचाचे काप केले, ते पुंगळीतच चुरा झाले. घोंगडीचा तुकडा वापरून पाहिला, तो चांगला बसला, पण घोंगडी एकच होती आणि ती जिजाजींच्या अंगावर होती. तिने मला विचारलं. मी विचार केला आणि म्हणालो, "तरट वापर. पोत्याचं. घरात ढीगभर पडलंय, तीन गोल एकावर एक ठेव." ते मी सुचवलं. हे वाक्य मी इथे स्वच्छ लिहितो आहे, कारण लिहायला मला दहा-अकरा वर्षं लागली.

शिमग्याच्या सुट्टीत मी गेलो होतो. सकाळी उजाडता उजाडता अक्काने बार काढला. काय बार वाजला... डोंगरावरून परत आला. कळप ओढ्याच्या बाजूला पळाला. आम्ही दोघं खूश होऊन घरी आलो, चहा ठेवला, आणि चहा उकळायच्या आत बाहेर आरडाओरडा सुरू झाला. तरटाचा एक गोल धुमसत जाऊन बांधापलीकडे प्रल्हादभाऊंच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात पडला होता. प्रल्हादभाऊ म्हणजे शेजारचे शेतकरी, अक्काच्या सासऱ्यांपासून घरोबा. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काटक्या, त्यात मार्च महिना. ढीग पेटला, ढिगाला लागून त्यांचा गोठा, गोठ्याचं छप्पर गवती काडाचं. म्हैस आत बांधलेली. अक्का पुढे धावली, तिनेच विळ्याने दावं कापलं. म्हैस बाहेर आली तेव्हा तिची पाठ भाजलेली होती. आम्ही विहिरीवरून बादल्या ओतल्या, पण गोठा राहिला नाही.

आग विझल्यावर लोक जमले. प्रल्हादभाऊंच्या अंगावर राख, डोळे लाल. ते ओरडले नाहीत. अक्कासमोर उभे राहून म्हणाले, "तुमची बंदूक डुकराले मारत न्हाई, माह्यं घर जाळते. तरट घालाले कोनी सांगितलं व्हतं?"

मी तीन हातांवर होतो. हातात बादली होती. मला आठवतं, मी तोंड उघडलं होतं.

"कोन सांगनार?" अक्का म्हणाली. "माह्यंच डोकं."

मी तोंड मिटलं. मास्तर होतो, शहरातून आलेला, गावात चार माणसं मला सर म्हणत. शास्त्र शिकवणाऱ्याने ताग धुमसतो हे विसरावं, हे त्या सगळ्यांसमोर सांगायची माझी छाती झाली नाही. अक्काने माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित... पण असल्या कदाचितला काही अर्थ नाही. त्या दुपारी मी धुळ्याला निघालो. एसटीत वाक्य तयार केलं, पुढच्या खेपेला तिला काय म्हणायचं ते. ते वाक्य मी कधीच बोललो नाही. अक्काने गोठा बांधून दिला, वासे आपल्या बांधावरच्या झाडांचे, काड आपलं. ती पुढे कितीदा तरी भेटली, तिने तो विषय पुन्हा काढला नाही आणि मला वाटायचं की तिने काढावा, मला शिव्या द्याव्यात, म्हणजे मी मोकळा होईन. तिने तेवढंही केलं नाही. याचा मला राग येत असे. केवढा उफराटा राग आहे हा, पण खरा आहे.

महिन्याभराने तिचं कार्ड आलं. तिने चुलीपाशी बसून एकेक वस्तू विस्तवाला लावून पाहिली होती. सुती चिंधी, तरट, कापूस, काथ्या, घोंगडीची लोकर. कार्डावर दोनच ओळी होत्या. "लोकर आपोआप विझते. बाकी बठ्ठं धुमसत राहते. तिकडे नमदा मिळते का पाहजो." प्रयोग म्हणून मी मुलांना वहीत जे लिहून देत होतो ते तिने करून पाहिलं होतं, आणि ते मी तिला आधी सांगायला हवं होतं.

नमदा म्हणजे लोकर दाबून केलेली जाड गादी, घोड्याच्या खोगिराखाली घालतात ती. दोंडाईच्याच्या पुढे तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. एसटीने दोंडाईचा, तिथून मिळेल त्या वाहनाने बाजारात, असा मी गेलो. नवा नमदा घेणं जमण्यासारखं नव्हतं, पण खोगीरवाल्यांकडे घासून गेलेले जुने तुकडे असतात, ते त्यांनी जवळजवळ फुकटच दिले. घोड्याच्या घामाचा वास त्यात असा मुरलेला की परतीच्या एसटीत शेजारची माणसं उठून मागे गेली. एक म्हातारबा म्हणाले, "हाई काय शे भाऊ? बठ्ठी गाडीमा वास शे." मी नमदा आहे म्हणालो. त्यांनी घोडं कुठे आहे असं विचारलं आणि मग उत्तराची वाट न पाहता खिडकीबाहेर तोंड केलं. त्यानंतर नऊ-दहा वर्षं, दर हिवाळ्यात, मी हा प्रवास केला. बायको ते गाठोडं घरात घेऊ द्यायची नाही. दरवर्षी जाताना मी कुरकुर केली. ती कुरकुर अक्काने ऐकली आणि दरवर्षी "यंदा जास्त आणजो" म्हणाली.

तो नमदा ती सोडा घालून धुवायची, वाळवायची आणि मग दुपारी पडवीत बसून त्याची बुचं पाडायची. पाडायची म्हणजे ती पंच धरायची. घाव जिजाजी घालायचे. बाभळीचा ओंडका दोघांच्या मध्ये, त्यावर नमदा, अक्का दोन्ही हातांनी पंच उभा धरून बसलेली आणि जिजाजी डाव्या हाताने मोगरी मारत. एक घाव, कधी दोन. मग चकती हातात घेऊन ते अंगठ्याने दाबून बघायचे, चांगली असली तर एका डब्यात, वाईट असली तर दुसऱ्यात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते वेळ घालवणं वाटलं. माणूस अर्ध्या अंगाने लुळा, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करत नाही, आणि हे काय...

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास बाजारात तयार वॅड मिळायला लागले. प्लॅस्टिकचे, पांढरेशुभ्र, छर्रे बसायला वर वाटीसकट. मी पुण्याला गेलो असताना आवर्जून एक पाकीट आणलं. मला वाटलं, झालं, आता घोड्याच्या घामातून आपली सुटका. अक्काने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, चांगलं आहे म्हणाली आणि फडताळात ठेवून दिलं. पुढच्या खेपेला गेलो तर ते तसंच, न उघडलेलं. मी चिडलो. "इतक्या लांबून आणलं, निदान वापरून तर बघ. कशाला ही रोजची मगजमारी?"

तिने जिजाजींकडे मान वळवली. ते पडवीत बाजेवर टेकून डोळे मिटून होते. आवाज खाली आणून ती म्हणाली, "मग हे दुपारी काय करतीन?"

"पत्ते खेळू दे. रेडिओ आहे."

"पत्ते कोनाच्या कामाचे नसतात रे," ती म्हणाली. "त्यांची चकती डुक्कर पळवते."

तेव्हा मला कळलं. आणि कळूनही मी कुरकुर सोडली नाही, हे लिहायला हवं. कळलं म्हणून लगेच शहाणपण येतं असं नाही. घोड्यांच्या बाजाराला मला जायचंच नव्हतं, गुडघे दुखायला लागले होते, शाळेत परीक्षांचं काम होतं. यंदा दिवाळीनंतर मी तिला भेटलो ती आमची शेवटची भेट. ती वाळली होती. जिना चढताना मध्येच थांबली, कठडा धरून उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, ऊन लागलं असेल. ऊन कसलं, कार्तिक महिना. ते मी तिथेच धरून बसायला हवं होतं, तिला जळगावला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. पण तिने नमद्याचं नाव काढलं आणि मी त्यावरच घसरलो. म्हणालो, "बंदूक देऊन टाक, बागेला तारेचं कुंपण कर, आणि तुम्ही दोघं धुळ्याला या. मी यंदा नमदा आणणार नाही." ती आत गेली. पिशवीत केळी भरून दिली, एसटीपर्यंत आली. गाडी सुटताना म्हणाली, "नमदा राहू दे. तू येजो." मी खिडकीतून हात केला. केला का नाही, आता नक्की सांगता येत नाही.

तेराव्याला सगळे जमले होते. प्रल्हादभाऊही आले, म्हातारे झालेत आता. जेवणं झाल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, भाऊ, ते तरट मी सुचवलं होतं. अक्काने तुमच्यापुढे आपल्यावर घेतलं. मी उभा होतो आणि गप्प बसलो. मला वाटत होतं ते म्हणतील, जाऊ द्या सर, जुनी गोष्ट. त्यांनी पायाने चप्पल शोधून सरळ केली.

"आता सांगून मले काय फरक पडते?" ते म्हणाले. "तव्हा सांगितलं असतं तं ती सहा महिने माह्या दारावरून मान खाली घालून गेली नसती."

मग ते चप्पल घालून निघून गेले. त्यांनी मला माफ केलं नाही आणि ते बरोबर आहे.

परवाना धरणारं माणूस गेलं की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. दुसऱ्या दिवशी मी आणि मीनाचा नवरा गेलो. हवालदाराने बंदूक, पुंगळ्या, उरलेल्या टोप्या सगळं तपासून लिहून घेतलं. मी जाताना चकत्यांचे दोन्ही डबेही नेले होते, राहायला नकोत म्हणून. त्याने झाकण उघडलं, एक चकती काढून नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं. "हे काय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "याची नोंद कुठे होत नसते सर. घेऊन जा परत." इतक्या वर्षांचे प्रवास, तीन पंच, एक जळलेला गोठा, आणि सरकारच्या लेखी ती वस्तूच नव्हती. मी डबे पिशवीत टाकून परत आलो आणि पडवीत ओंडक्याशेजारी होते तिथे ठेवले.

दुपारी पडवीत गेलो तर जिजाजी बाजेवरून खाली उतरून ओंडक्यापाशी बसलेले. कसे उतरले कुणास ठाऊक, मीना स्वयंपाकघरात होती. ओंडक्यावर नमद्याचा शेवटचा तुकडा होता, तळहाताएवढा. डाव्या हातात मोगरी. पंच आडवा पडलेला, कारण तो उभा धरायला दुसरा हात लागतो. मी म्हणालो, "जिजाजी, बंदूक दिली आपण. आता कशाला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते समजलं होतं. त्यांनी मोगरीच्या टोकाने पंच माझ्याकडे सरकवला.

"धर," ते म्हणाले.

मी समोर मांडी घालून बसलो आणि दोन्ही हातांनी पंच उभा धरला. मोगरी वर गेली तसा माझा हात आपोआप मागे सरला, पंच कलंडला आणि घाव नमद्यावर तिरपा बसला. दुसऱ्या वेळी मी डोळे मिटले. तिसऱ्या वेळी घाव थोडा माझ्या बोटावर आणि थोडा पंचावर बसला. चकती निघाली. जिजाजींनी ती उचलली, अंगठ्याने कडेने दाबत पूर्ण फिरवून पाहिली आणि वाईट चकत्यांच्या डब्यात टाकली. मग नमदा जरा पुढे ओढला, मोगरी उचलली आणि मी पंच पुन्हा उभा धरायची वाट पाहत बसले.